चोथा नसेल तर चिकटा

पोट बिघडलं आणि शौचातून बुळबुळीत काही पडलं, की आपण म्हणतो ‘आव पडली’. आतड्यातल्या या चिकट्याशी आपली ओळख होते ती अशी, दुखण्यात. एरवी तो जागेवर असतो तेव्हा त्याचं नावही कुणी काढत नाही.

मोठ्या आतड्याचं अस्तर म्हणजे पेशींचा एकच पदर. पलीकडे रक्तवाहिन्या, अलीकडे अगणित जिवाणू, आणि मध्ये हा चिकटा. गुन्नार हॅन्सन यांच्या स्वीडनमधल्या गटाने 2008 मध्ये उंदरांत दाखवलं, की त्याचे दोन थर असतात. बाहेरच्या सैल थरात जिवाणू नांदतात. आतल्या घट्ट थरात ते जवळजवळ नसतातच. हे आधी नीट दिसलं नव्हतं, कारण नमुना टिकवायच्या पाणीदार फॉर्मॅलिनमध्येच हा थर आक्रसून जायचा. अल्कोहोल, क्लोरोफॉर्म आणि अ‍ॅसिटिक आम्लाच्या कार्नॉय द्रावणात तो टिकतो.

2016 मध्ये महेश देसाई, एरिक मार्टेन्स आणि सहकाऱ्यांनी ‘सेल’ या नियतकालिकात एक प्रयोग मांडला. पूर्ण निर्जंतुक वाढवलेल्या उंदरांच्या पोटात माणसाच्या आतड्यातले 14 जातींचे जिवाणू सोडले. काही उंदरांना फारशी प्रक्रिया न केलेलं धान्य आणि वनस्पतींचं खाणं, त्यात सुमारे 15 टक्के चोथा. काहींना चोथा अजिबात नाही. चोथा पचवणं हे आपल्या विकरांचं काम नव्हे, ते जिवाणूंचं. त्यातून ते ब्युटिरेट बनवतात, आणि आतड्याच्या पेशी मुख्यतः त्यावरच जगतात. चोथा बंद झाल्यावर जिवाणूंनी काय करावं? चिकटाही शर्करांनी लगडलेलाच असतो. त्यांनी तोच खायला घेतला. थर पातळ झाला. मग उंदरांना रोग करणारा सिट्रोबॅक्टर रोडेन्शियम हा जिवाणू आत सोडला, तेव्हा चोथा न मिळालेल्या उंदरांच्या आतड्याला जीवघेणी सूज आली.

चिकटा खाऊन फोफावलेल्यांत अकरमॅन्सिया म्युसिनिफिला होता. त्याच्या नावाचा अर्थच ‘चिकट्याची आवड असलेला’. गंमत अशी, की हाच जिवाणू आज ‘चांगला’ म्हणून कॅप्सूलमध्ये विकला जातो. जिवाणूंची साधू आणि चोर अशी वाटणी मला म्हणूनच पटत नाही. ताटात काय पडलं, त्यावर त्यांची वागणूक ठरते.

अर्थात हे उंदीर होते, आणि जिवाणू जेमतेम 14 जातींचे. माणसाच्या आतड्यात शेकडो जाती असतात. ‘आतडं गळतंय’ असं सांगून पुड्या विकणारे हा फरक सांगत नाहीत. त्यांना अडचणीची वाटेल अशी गोष्ट याच प्रयोगात आहे: काही उंदरांना चोथ्याऐवजी शुद्ध केलेल्या तंतूंची पूड दिली होती. त्यांचा चिकटा चोथा न मिळालेल्यांइतकाच झिजला. आणि ज्यांना एक दिवस चोथ्याचं, एक दिवस बिनचोथ्याचं खाणं अशी पाळी लावली होती, त्यांचा थर रोज चोथा खाणाऱ्यांच्या निम्माच भरला.