कंपन्यांची वैधानिक विवरणपत्रे आणि एआय एजंट : ‘एडगर’मधून माहिती मिळविणाऱ्या साधनांचा विचार

प्रास्ताविक :

भांडवल बाजारातून पैसा उभारणाऱ्या कंपनीने आपली आर्थिक स्थिती जनतेपुढे मांडली पाहिजे, हे तत्त्व अमेरिकेत १९२९ च्या शेअर बाजारातील कोसळणीनंतर १९३३ व १९३४ च्या कायद्यांत उतरले. १९३४ च्या कायद्याने सिक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशन (यापुढे ‘सेक’) ही नियामक संस्था अस्तित्वात आली. कंपन्यांची विवरणपत्रे संगणकाद्वारे स्वीकारणाऱ्या ‘एडगर’ या प्रणालीचा प्रयोग १९८४ मध्ये सुरू झाला आणि १९९३ ते १९९६ या काळात ती टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली. विशेष म्हणजे ही विवरणपत्रे इंटरनेटवर विनामूल्य आणण्याचे काम प्रथम ‘सेक’ने केले नाही, ते कार्ल मलामूद यांनी न्यूयॉर्क विद्यापीठाच्या साहाय्याने केले. १९९५ मध्ये ‘सेक’ने ते स्वतःकडे घेतले. लोकप्रशासनाच्या अभ्यासकांनी याची नोंद घ्यावयास हवी.

आता या भांडाराचा वाचक केवळ मनुष्य राहिलेला नाही. प्रश्न समजून घेऊन स्वतः साधने वापरणारे एआय एजंट तेथे पोहोचले आहेत. त्यांच्यासाठी तयार होणाऱ्या साधनांचे कार्य कसे चालते आणि त्यांच्या उत्तरावर विश्वास कशाच्या आधारे ठेवावा, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

साधनाची गरज व कार्यपद्धती :

भाषा-प्रारूपाला एखाद्या कंपनीच्या विक्रीचा आकडा थेट विचारला, तर ते प्रशिक्षणाच्या वेळी वाचलेल्या मजकुरावरून उत्तर रचते. असे उत्तर जुने असू शकते, किंवा खरे वाटेल असे पण निराधारही असू शकते. म्हणून एजंटाला मूळ दस्तऐवजापर्यंत नेणारे मध्यस्थ सॉफ्टवेअर लागते. अशी साधने प्रारूपाला जोडण्याची एक सामाईक पद्धत, मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, अँथ्रॉपिक या कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये खुली केली.

साधन प्रथम कंपनीच्या नावावरून तिचा ‘सेक’ने दिलेला दहा अंकी क्रमांक शोधते. त्या क्रमांकावर कंपनीच्या सर्व विवरणपत्रांची यादी मिळते. वार्षिक अहवाल ‘१०-के’, तिमाही ‘१०-क्यू’, तर महत्त्वाच्या घडामोडीची सूचना ‘८-के’ या नमुन्यात असते. प्रत्येक दस्तऐवजाला अठरा अंकी स्वतंत्र दाखल-क्रमांक असतो. यासाठी शुल्क नाही. मात्र विनंती करणाऱ्या प्रणालीने आपली ओळख कळवावी आणि सेकंदाला दहापेक्षा अधिक विनंत्या करू नयेत, असा दंडक आहे. वार्षिक अहवाल दीर्घ असल्यामुळे चांगले साधन संपूर्ण दस्तऐवज एजंटापुढे ओतत नाही. जोखमींचे प्रकरण किंवा व्यवस्थापनाचे विवेचन, असा हवा तेवढाच भाग ते काढून देते.

आकड्यांचा प्रश्न :

खरी अडचण येथून पुढे सुरू होते. २००९ पासून ‘सेक’ने टप्प्याटप्प्याने आर्थिक आकडे ‘एक्सबीआरएल’ या यंत्रवाचनीय भाषेत मागविण्यास आरंभ केला. प्रत्येक आकड्याला संकल्पनेची एक खूणचिठ्ठी असते. त्यामुळे यंत्राचे काम निर्धोक झाले, असा समज होतो. तो बरोबर नाही.

ॲपल कंपनीचे उदाहरण बोलके आहे. तिच्या आर्थिक वर्ष २०२३ च्या ‘१०-के’मध्ये विक्रीचे तीन आकडे आहेत : २०२३ चे ३८,३२८.५ कोटी डॉलर, २०२२ चे ३९,४३२.८ कोटी आणि २०२१ चे ३६,५८१.७ कोटी. तुलनेसाठी मागील वर्षे द्यावीच लागतात. परंतु ‘सेक’च्या माहिती-सेवेत या तिन्ही नोंदींपुढे ‘आर्थिक वर्ष २०२३’ असेच लिहिलेले असते. कारण तो रकाना दस्तऐवजाचे वर्ष सांगतो, आकड्याचे नव्हे. कालावधीच्या आरंभ व समाप्तीच्या तारखा न तपासणारे साधन २०२१ ची विक्री २०२३ च्या नावावर खपवू शकते. विक्री किती घटली, हा निष्कर्षच त्यामुळे चुकतो. मूळ दस्तऐवज निर्दोष आणि उत्तर मात्र चुकीचे, असा हा प्रकार आहे.

खूणचिठ्ठ्याही स्थिर नसतात. महसूल-मान्यतेचा नवा लेखा-मानदंड २०१८ च्या सुमारास लागू झाल्यावर अनेक कंपन्यांनी विक्रीसाठी वेगळी खूणचिठ्ठी वापरण्यास सुरुवात केली. जुन्याच चिठ्ठीचा शोध घेणाऱ्या साधनाला मालिका मध्येच तुटलेली दिसते. शिवाय सुधारित विवरणपत्र दाखल झाले, तरी मूळ विवरणपत्र भांडारात कायम राहते.

मुंबईत मुख्यालय असलेल्या एचडीएफसी बँक व आयसीआयसीआय बँक यांचे रोखेही न्यूयॉर्कच्या बाजारात नोंदलेले आहेत. विदेशी कंपन्या म्हणून त्यांचा वार्षिक अहवाल ‘२०-एफ’ या नमुन्यात असतो, तर इतर माहिती ‘६-के’मध्ये येते. केवळ ‘१०-के’ शोधणारे साधन या बँकांचा वार्षिक अहवालच उपलब्ध नाही, असे कळवील. त्यांचे आर्थिक वर्षही ३१ मार्चला संपते.

वाणिज्य विभागात प्रकल्पासाठी अशी साधने वापरली जात असतील, तर प्रत्येक आकड्यासोबत दाखल-क्रमांक, दाखल केल्याची तारीख, कालावधी व खूणचिठ्ठी मागणे आवश्यक ठरते. दाखल-क्रमांकावरून मूळ पान उघडून आकडा पडताळणे हे काही मिनिटांचे काम आहे, आणि ते विद्यार्थ्याने स्वतः करावयाचे आहे.