गंजाची साक्ष
द्वंद्वयुद्धाची युरोपीय पिस्तुले जोडीने घडवत. दोन्ही प्रतिस्पर्ध्यांच्या हाती सारखेच हत्यार असावे, हा त्यामागचा न्याय. स्कॉटिश धर्मोपदेशक अलेक्झांडर फोर्सिथ यांनी १८०७ साली आघाताने पेटणाऱ्या दारूचे पेटंट घेतले. पुढे चकमकीची जागा तांब्याच्या टोपीने घेतली आणि अनेक जुनी पिस्तुले बदलून घेतली गेली. अशी मोडकळीला आलेली जोडी संग्रहासाठी पाहताना मी आधी घोड्याशेजारची पट्टी न्याहाळतो. तिथे बुजवलेली स्क्रूची भोके दिसली, की पिस्तूल मुळात चकमकीचे होते हे कळते. पॉलिश कागदाने घासले, तर या खुणांबरोबर कारागिराची नाममुद्राही जाते. म्हणून मी तेलाचा हलका हात देऊन गंज थोपवतो. मोडलेला घोडा नवा बसवता येतो. पुसलेले नाव पुन्हा कोरले, तर ते खोटेच ठरते.