आकडा देणाऱ्या खोलीतला माणूस

कॅलिफोर्नियात १९९१ साली सुरू झालेल्या 'प्रोफेशनल स्पोर्ट्स ऑथेंटिकेटर' या कंपनीने, म्हणजेच पीएसएने, सर्वांत पहिलं प्रमाणपत्र दिलं ते बेसबॉलपटू होनस वॅग्नरच्या कार्डाला. अमेरिकन टोबॅको कंपनीने १९०९ ते १९११ या काळात सिगारेटच्या पाकिटांतून वाटलेल्या मालिकेतलं हे कार्ड. वॅग्नरचं कार्ड छापणं लवकरच थांबलं, म्हणून त्याच्या मोजक्याच प्रती उरल्या. त्यांतली ही सर्वांत देखणी प्रत आइस हॉकीपटू वेन ग्रेट्स्की आणि त्यांचे भागीदार ब्रूस मॅकनॉल यांनी १९९१ मध्ये सदबीजच्या लिलावात ४,५१,००० डॉलरला घेतली. पीएसएने तिला १० पैकी ८ दिले. २००७ साली ती २८ लाख डॉलरला गेली.

तिच्या कडा कापून नीट केलेल्या होत्या.

अशा कंपनीत कार्ड पोस्टाने येतं. परीक्षक ते भिंगाखाली, प्रखर उजेडात न्याहाळतात. कोपरे बोथट आहेत का, पृष्ठभागावर ओरखडे आहेत का, चित्र चौकटीच्या मधोमध बसलंय का. कापलेल्या किंवा रंग भरलेल्या कार्डाला आकडा द्यायचा नाही, हा या धंद्याचा मूळ नियम. बाकीच्यांना १ ते १० मधला आकडा मिळतो आणि कार्ड प्लॅस्टिकच्या सीलबंद डबीत जातं. संग्राहक तिला 'स्लॅब' म्हणतात. संस्थापक डेव्हिड हॉल मूळचे नाण्यांचे व्यापारी. नाण्यांसाठी हीच पद्धत त्यांनी सहकाऱ्यांसह १९८६ मध्ये रुळवली होती. मुंबईतल्या नाण्या-नोटांच्या लिलावांतही आता परदेशी कंपन्यांच्या अशा डब्या दिसतात.

९ ऐवजी १० मिळाले की जुन्या कार्डाची किंमत कित्येक पटींनी वाढू शकते. २०२१ मध्ये पीएसएची मूळ कंपनी सुमारे ८५ कोटी डॉलरला विकली गेली, आणि त्याच वर्षी कार्डांचे इतके ढीग साचले की बहुतेक सेवा काही काळ बंद ठेवाव्या लागल्या. एवढा सगळा पैसा परीक्षकाच्या नजरेवर उभा आहे. डबीवर मात्र त्याचं नाव नसतं. एखाद्या बड्या व्यापाऱ्याच्या मालाला झुकतं माप मिळालं, तर बाहेरच्या कुणाला ते कळणार तरी कसं?

वॅग्नरच्या बाबतीत ते आतल्याच माणसाकडून कळलं. न्यूयॉर्क डेली न्यूजच्या दोन पत्रकारांनी २००७ मध्ये या कार्डावर पुस्तक लिहिलं. त्यात आकडा देणाऱ्या गटातल्या एका परीक्षकाने कबूल केलं की कार्ड कापलेलं आहे हे तेव्हाच ठाऊक होतं. इतक्या सुंदर कार्डाला खराब ठरवणं मात्र त्यांना जड गेलं. तोवर सोळा वर्षं उलटली होती. मधल्या काळात ते दुकानांच्या जाहिरात-सोडतीत बक्षीस म्हणूनही लागलं, आणि जिंकणाऱ्या पोस्ट कर्मचारी बाईंना कर भरण्यासाठी ते विकावं लागलं. कार्ड कापणारे लिलावदार बिल मास्ट्रो यांनी २०१३ मध्ये न्यायालयात तशी कबुली दिली. लिलावांतल्या फसवणुकीच्या त्याच खटल्यात २०१५ मध्ये त्यांना २० महिन्यांचा तुरुंगवास झाला.

म्हणूनच, एखादा माजी कर्मचारी अशा कंपनीला कोर्टात खेचतो तेव्हा 'नोकरी गेल्याचा राग' म्हणून ते झटकून टाकणं मला पटत नाही. राग असेलही. पण अमेरिकेतल्या दिवाणी दाव्यात समोरच्याचे अंतर्गत ईमेल आणि नोंदी मागता येतात, वरिष्ठांची शपथेवर उलटतपासणी घेता येते. बेकायदा प्रकार उघड करणाऱ्या कर्मचाऱ्यावर सूड उगवायला कॅलिफोर्नियाच्या कामगार कायद्याचं कलम ११०२.५ मनाई करतं. व्यापारी गुपितांबद्दलच्या २०१६ च्या केंद्रीय कायद्यानेही, संशयित गुन्हा कळवण्यासाठी वकिलाला किंवा सरकारी अधिकाऱ्याला गोपनीयपणे माहिती देणाऱ्याला संरक्षण दिलं आहे. संग्राहकांना या खोलीचं दार एरवी कधी उघडून मिळत नाही.

अडचण पुढे येते. नोकरीविषयीचे कितीतरी दावे कोर्टाबाहेर मिटतात आणि तडजोडीत दोन्ही बाजू गप्प राहायचं कबूल करतात. कर्मचाऱ्याला भरपाई मिळते, आणि ज्याने त्या आकड्यावर विश्वासून आयुष्याची बचत घातली त्याला काहीच कळत नाही. हे मला अन्यायाचं वाटतं. भरपाईची रक्कम खुशाल गुप्त ठेवावी. वादातल्या कार्डांचे प्रमाणपत्र-क्रमांक मात्र जाहीर करायला लावावेत. ते प्रत्येक डबीवर छापलेले असतात, कंपनीच्या नोंदीतही असतात. यादी लागली की मालकाला घरबसल्या आपली डबी ताडून पाहता येईल आणि कंपनीकडे फेरतपासणी मागता येईल.