चित्र वाकडं, आवाज पुढे : जुनी कॅसेट संगणकावर घेताना

लग्नाची किंवा मुंजीची जुनी व्हीएचएस कॅसेट व्हीसीआरमध्ये घातली आणि पिक्चर ट्यूबच्या जुन्या टीव्हीवर लावली, तर बऱ्यापैकी दिसते. तीच कॅसेट यूएसबीच्या कॅप्चर डबीतून संगणकात घ्यायला गेलं की चित्राचा वरचा भाग एका बाजूला झुकतो, मध्येच पडदा निळा होतो, आणि तासाभरानंतर अक्षता पडताना दिसतात तेव्हा वाजंत्री कधीच वाजून गेलेली असते. कॅसेटला दोष द्यावा तर टीव्हीवर ती ठीक असते, आणि संगणकाला द्यावा तर त्याची बाकीची कामं सुरळीत चाललेली असतात. बरेच जण इथेच हात टेकतात आणि कॅसेट पुन्हा माळ्यावर जाते. तसं करायची गरज नाही. यातले बहुतेक बिघाड एकाच कारणातून येतात, आणि ते कारण म्हणजे वेळ.

व्हीसीआरमध्ये ६२ मिलिमीटर व्यासाचा एक तिरपा ड्रम असतो. आपल्याकडच्या पाल पद्धतीत तो सेकंदाला २५ फेऱ्या मारतो. त्यावरची दोन हेड आळीपाळीनं टेपवर तिरक्या रेघा वाचत जातात, आणि एका रेघेत अर्धं चित्र म्हणजे एक फील्ड असतं. टेप स्वतः सेकंदाला जेमतेम २.३ सेंटिमीटर सरकते, पण हेड तिच्यावरून सेकंदाला पाच मीटरला थोडं कमी इतक्या वेगानं धावतं. पाल चित्रातली एक आडवी ओळ ६४ मायक्रोसेकंदांची असते. म्हणजे टेपवर ती साधारण ०.३ मिलिमीटर जागा घेते. कॅप्चर डबी या ओळीचे सेकंदाला १ कोटी ३५ लाख या दरानं तुकडे पाडतो, आणि प्रत्येक तुकडा म्हणजे एक पिक्सेल. हिशेब केला तर एक पिक्सेल टेपच्या सुमारे ०.३६ मायक्रॉन लांबीत बसतो. आता विचार करा, तीस वर्षं कपाटात पडलेली, उन्हाळ्यात ताणलेली आणि पावसाळ्यात दमट झालेली प्लॅस्टिकची पट्टी. ती एका मायक्रॉननं जरी ताणली गेली, तरी चित्र तिथे जवळजवळ तीन पिक्सेल सरकतं.

जुन्या टीव्हीला याचा त्रास होत नसे. गवयाची लय थोडी पुढेमागे झाली तरी मुरलेला तबलजी ती सांभाळून घेतो, तसा तो टीव्ही प्रत्येक ओळीच्या सुरुवातीचा सिंक पल्स पकडून आपली गती तिच्याशी जुळवून घ्यायचा. कॅप्चर डबीतली चिप मात्र ठराविक घड्याळावर चालते. तिला हा सिंक पल्स अपेक्षेपेक्षा फार आधी किंवा फार उशिरा आला की ती गोंधळते.

चित्राची वरची कड का वाकते, तेही यातूनच कळतं. एक हेड वाचून थांबतं आणि दुसरं सुरू होतं, ती अदलाबदल चित्राच्या अगदी तळाशी होते. शूटिंग करणाऱ्याच्या कॅमेऱ्यात टेपवर जो ताण होता, तो तुमच्या व्हीसीआरमध्ये तंतोतंत नसेल, तर या क्षणी वेळेत एकदम फरक पडतो. लगेच नवं फील्ड सुरू होतं आणि पहिल्या काही ओळी सावरेपर्यंत वाकड्या येतात. डबीच्या सेटिंगमध्ये ‘व्हीसीआर इनपुट’सारखा पर्याय असेल तर तो आधी चालू करून पाहा. तेवढ्यानं भागलं नाही, तर मध्ये टाइम बेस करेक्टर लागतो. हे यंत्र प्रत्येक ओळ क्षणभर साठवून ठेवतं आणि नव्या, नेमक्या सिंकसह पुढे पाठवतं. काही वरच्या दर्जाच्या व्हीसीआरमध्ये ते आतच असतं. काही जुन्या डीव्हीडी रेकॉर्डरमधून सिग्नल नुसता आरपार नेला तरी चित्र बरंच स्थिरावतं. माझ्या मते नवी, महागडी कॅप्चर डबी घेण्यापेक्षा तो पैसा इथे घालावा.

सिग्नलच्या या गोंधळाचाच एक चमत्कारिक परिणाम म्हणजे घरच्या लग्नाच्या कॅसेटवर ‘कॉपी करण्यास मनाई’ असा संदेश येणं. सिनेमाच्या कॅसेटची नक्कल होऊ नये म्हणून १९८० च्या दशकात मॅक्रोव्हिजन नावाची युक्ती आली. चित्राच्या वर, न दिसणाऱ्या ओळींमध्ये खोटे प्रखर पल्स घातले जात, त्यामुळे नक्कल करणाऱ्या रेकॉर्डरची उजेडाची पातळी बिघडत असे. आजच्या डब्या हे पल्स शोधत असतात. झिजलेल्या टेपवरचा गोंगाट कधीकधी त्यांना तसाच भासतो आणि त्या काम थांबवतात. तुमची कॅसेट निर्दोष असते. सिंक नव्यानं घालून दिला की हा अडथळाही दूर होतो.

चित्र सतत वरखाली फिरत असेल किंवा रंगच येत नसतील, तर मात्र आधी सेटिंग तपासा. भारतात १९८२ मध्ये दूरदर्शन रंगीत झालं ते पाल पद्धतीनं : ६२५ ओळी, सेकंदाला २५ चित्रं. पुष्कळ सॉफ्टवेअर मूळचं अमेरिकेतल्या एनटीएससीवर, म्हणजे ५२५ ओळींवर लावलेलं असतं. ते ‘पाल बी’ करा आणि चित्राचा आकार ७२० गुणिले ५७६ ठेवा. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी पाठवलेली डोहाळजेवणाची किंवा बारशाची कॅसेट असेल तर गुंता वाढतो. इथले अनेक व्हीसीआर तशी कॅसेट वाजवताना ओळी एनटीएससीच्या आणि रंग पालचे असा मिश्र सिग्नल बाहेर काढतात. टीव्हीवर तो रंगीत दिसतो, डबीला मात्र त्यातले रंग ओळखता येत नाहीत. अशा वेळी सेटिंगमध्ये ‘पाल ६०’ हा पर्याय शोधावा लागतो.

आवाज पुढेमागे होण्याची कारणं दोन आहेत, आणि ती वेगळी ओळखायला हवीत. फरक सुरुवातीपासून हळूहळू, एकसारखा वाढत गेला असेल, तर चित्राचं आणि आवाजाचं घड्याळ वेगळं आहे. साउंड कार्डच्या घड्याळात दहा हजारात एक भाग इतकी चूक असली, तरी तासाला सेकंदाच्या एक तृतीयांशाहून जास्त फरक पडतो. आवाज संगणकाच्या माइकच्या भोकातून न घेता चित्रासोबत त्याच डबीतून घेतला की हा दोष बहुतेक जातो. फरक अचानक उड्या मारत वाढत असेल, तर फ्रेम, म्हणजे पूर्ण चित्रं, गळत आहेत. पंचवीस फ्रेम गळल्या की एक सेकंद गेला.

फ्रेम का गळतात हे ठरवायला एक सोपी चाचणी आहे. तोच भाग दोनदा कॅप्चर करा. दोन्ही वेळा त्याच ठिकाणी गळत असतील तर दोष टेपचा किंवा हेडचा. जागा बदलत असेल तर दोष संगणकाचा : यूएसबी हब काढून डबी थेट जोडा, मागे चाललेले प्रोग्रॅम बंद करा आणि डिस्कवर जागा किती आहे ते पाहा. न दाबलेला व्हिडिओ सेकंदाला सुमारे २१ मेगाबाइट, म्हणजे तासाला ७५ गिगाबाइट होतो. हफवाययूव्ही किंवा एफएफव्ही१ अशा काहीही न गमावणाऱ्या कोडेकनं तो निम्म्याहून कमी होतो. मूळ प्रत अशीच ठेवा. मोबाइलवर पाठवायची छोटी फाइल नंतर तिच्यावरून कितीही वेळा करता येते.

चित्रावरून फिकट आडवा पट्टा संथपणे सरकताना दिसला, तर तो विजेचा उपद्रव आहे. आपली वीज ५० हर्ट्झची आणि पालची फील्डही सेकंदाला ५०. दोन्ही जवळजवळ सारखी असल्यानं पट्टा झपकन न जाता रेंगाळतो. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून पाहा. पट्टा गेला, तर सगळी यंत्रं एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घ्या.

या सगळ्याच्या आधी कॅसेटकडे नीट बघा. झाकणाच्या खिडकीतून टेपच्या गुंडाळीवर पांढुरकी भुकटी दिसली तर ती बुरशी आहे. कोकणातल्या दमट घरांत हे फार होतं. तशी कॅसेट व्हीसीआरमध्ये मुळीच घालू नका. तिच्यामुळे हेड खराब होतं आणि बुरशी पुढच्या कॅसेटलाही लागते. ती जाणकाराकडून साफ करून घ्या. स्वच्छ कॅसेट आधी शेवटपर्यंत पुढे आणि पूर्ण मागे फिरवून घेतली, की टेपचा ताण एकसारखा होतो.

जपानच्या फुनाई कंपनीनं जुलै २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणं थांबवलं. सुटे भाग मिळेनासे झाले होते. नवे व्हीसीआर बनवणारी ती शेवटची ज्ञात कंपनी होती. म्हणजे आज चालू असलेलं प्रत्येक यंत्र जुनं आहे आणि झिजतं आहे. घरात किंवा ओळखीत चालता व्हीसीआर असेल तर या सुट्टीतच कामाला लागा. ज्या माणसांचा आवाज दुसरीकडे कुठेच उरलेला नाही, त्यांच्या कॅसेट आधी घ्या. आणि फाइल झाली तरी मूळ कॅसेट टाकू नका, कोरड्या जागी उभी ठेवा.