विश्लेषण : दहावीची त्रिकोणमिती पाठ करावी लागते, ती का?

राज्य मंडळाच्या दहावीच्या परीक्षेत गणिताचे दोन पेपर असतात. भाग १ म्हणजे बीजगणित आणि भाग २ म्हणजे भूमिती. प्रत्येकी ४० गुण आणि दोन तास. भूमितीच्या पुस्तकात सात प्रकरणे आहेत. त्यातले सहावे त्रिकोणमितीचे. साइन, कॉस, टॅन आणि त्यांचे उलटे कोसेक, सेक, कॉट अशी सहा नावे, किमतींचा एक तक्ता आणि तीन नित्यसमानता. बहुतेक मुले हे सारे सहामाही परीक्षेनंतर पाठ करतात आणि मार्चमधल्या पेपरनंतर विसरतात.

विसरल्याचा फटका जूनमध्ये बसतो. अकरावी विज्ञानाच्या गणिताच्या पहिल्या भागात सुरुवातीची तिन्ही प्रकरणे कोनमापन आणि त्रिकोणमितीची आहेत. भौतिकशास्त्रात सदिश आले की तिथेही साइन-कॉस. पदविका अभियांत्रिकीला गेलेल्यांचीही त्यातून सुटका नाही. दहावीला भूमितीत चांगले गुण मिळवलेला विद्यार्थी अकरावीच्या पहिल्या चाचणीत कोसळतो, तेव्हा घरात ‘कॉलेजात लक्ष नाही’ असा निष्कर्ष निघतो. अनेकदा कारण वेगळे असते. त्रिकोणमिती त्याला कधी कळलेलीच नसते, फक्त आठवत असते.

मुळात साइन म्हणजे काय?

पुस्तकातली व्याख्या अशी : काटकोन त्रिकोणात एखाद्या लघुकोनाच्या समोरची बाजू भागिले कर्ण. व्याख्या सोपी आहे. पण तिच्यात एक प्रश्न दडलेला आहे आणि तो वर्गात क्वचितच विचारला जातो : कोणत्या त्रिकोणात? ३० अंशांचा कोन असलेले काटकोन त्रिकोण असंख्य आहेत. मग साइन ३० ची किंमत एकच कशी?

कंपासपेटीत दोन गुण्ये असतात. त्यातला ३०-६०-९० चा गुण्या घ्यावा. समजा, त्याचा कर्ण १२ सेंटिमीटर आणि सर्वांत लहान बाजू ६ सेंटिमीटर आहे. फळ्यावर वापरायचा मोठा लाकडी गुण्या घेतला तर कर्ण ६० आणि लहान बाजू ३० सेंटिमीटर भरेल. बाजू पाचपट झाल्या, भागाकार मात्र दोन्हीकडे १/२. कोन सारखे असले की त्रिकोण समरूप असतात आणि समरूप त्रिकोणांच्या बाजू एकाच प्रमाणात वाढतात. हेच तर दहावीच्या भूमितीचे पहिले प्रकरण, समरूपता! साइन, कॉस आणि टॅन यांना अर्थ आहे तो त्या प्रकरणामुळे.

दुसरे प्रकरण पायथागोरसच्या प्रमेयाचे. काटकोन करणाऱ्या बाजूंच्या वर्गांची बेरीज कर्णाच्या वर्गाइतकी असते. या समीकरणाला कर्णाच्या वर्गाने भागले की साइन वर्ग अधिक कॉस वर्ग बरोबर १ ही नित्यसमानता हातात येते. तेच समीकरण इतर दोन बाजूंच्या वर्गांनी भागले की उरलेल्या दोन मिळतात. म्हणजे सहावे प्रकरण पहिल्या दोन प्रकरणांतूनच निघाले आहे. मध्ये वर्तुळ, रचना आणि निर्देशक भूमिती येऊन गेल्याने हा धागा तुटतो आणि मुलांना त्रिकोणमिती हा नवाच विषय वाटू लागतो.

तक्ता पाठ करावा की काढावा?

३०, ४५ आणि ६० अंशांच्या किमती कंपासपेटीतच असतात. ३०-६०-९० चा गुण्या म्हणजे समभुज त्रिकोणाचा बरोबर अर्धा भाग. बाजू २ धरली तर अर्धा पाया १, आणि पायथागोरसने उंची √३. दुसरा, ४५ अंशांचा गुण्या म्हणजे कर्णावर कापलेला चौरस : बाजू १, १ आणि √२. एवढ्या दोन आकृत्या पेपरच्या कोपऱ्यात काढल्या की या तीन कोनांच्या किमती अर्ध्या मिनिटात मिळतात. तक्ता पाठ असायला हरकत नाही. वेळ वाचतो. पण ऐन परीक्षेत टॅन ३० म्हणजे √३ की १/√३ असा गोंधळ उडाला, तर तो आकृतीवरूनच सुटतो.

नेहमीच्या चुका कोणत्या?

सर्वांत जुनी चूक म्हणजे साइनला एक संख्या समजून कंसाबाहेर काढणे. साइन ६० म्हणजे साइन ३० ची दुप्पट, असे अनेकांना वाटते. साइन ३० ची दुप्पट १ होते, तर साइन ६० सुमारे ०.८७ आहे. कोन दुप्पट केला म्हणून समोरची बाजू दुप्पट होत नाही. गुण्याकडे पाहिले तरी ते दिसते.

दुसरी चूक अवनत कोनाची. ६० मीटर उंच दीपगृहावरून जहाज ६० अंशांच्या अवनत कोनात दिसते, तर जहाज किती दूर? अवनत कोन आडव्या रेषेपासून खाली मोजायचा असतो. तो दीपगृहाच्या उभ्या भिंतीपासून मोजला, तर ३४.६ मीटरऐवजी १०३.८ मीटर असे उत्तर येते. गणित सगळे बरोबर, आकृती चुकीची.

तिसरी चूक मोबाइलच्या पिढीची. फोनच्या कॅल्क्युलेटरवर साइन ३० काढले आणि उत्तर उणे ०.९८८ आले, तर कॅल्क्युलेटर बिघडलेला नसतो. तो ३० या संख्येला अंश नव्हे तर रेडियन समजत असतो. पडद्यावरचे ‘रॅड’ बदलून ‘डेग’ करावे, ०.५ मिळते. (परीक्षेत कॅल्क्युलेटर चालत नाही; तिथे √३ = १.७३ घ्यावे असे उदाहरणातच दिलेले असते.)

झाडाची उंची खरोखर मोजता येते का?

येते, आणि खर्च जवळपास शून्य. कोनमापकाच्या सरळ कडेवर शीतपेयाची नळी चिकटवावी, मध्यबिंदूला दोरा बांधून त्याला एखादा नट लटकवावा. नळीतून शेंडा पाहताना दोरा ६० वर आला, तर उन्नत कोन ९० वजा ६०, म्हणजे ३० अंश. झाडापासूनचे अंतर गुणिले टॅन, अधिक डोळ्यांची जमिनीपासूनची उंची. हे शेवटचे मिळवायला जवळजवळ सगळेच विसरतात.

कुठे उभे राहावे, यालाही महत्त्व आहे. समजा, शेंडा डोळ्यांपासून १० मीटर उंच आहे आणि कोन मोजताना एका अंशाची चूक झाली. १० मीटर अंतरावर, म्हणजे ४५ अंशांच्या जागी उभे असलो, तर उंची ३६ सेंटिमीटरने चुकते. बुंध्याजवळ जाऊन ८० अंशांत पाहिले, तर तीच एका अंशाची चूक एक मीटरच्या आसपास जाते. फार दूर, १० अंशांच्या जागी गेलो तरी चूक मीटरभर होते. पुस्तकातल्या उदाहरणात कोन नेहमी अचूक दिलेला असतो, त्यामुळे हा प्रश्न तिथे येत नाही. मैदानावर लगेच येतो.

याचा हिंगणघाटशी काय संबंध?

वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला २० जानेवारी १८२३ रोजी विल्यम लॅम्टन यांचे निधन झाले. भारताच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचे ते प्रवर्तक. १८०२ मध्ये मद्रासजवळ सुमारे १२ किलोमीटरची एक पायारेषा पोलादी साखळीने प्रत्यक्ष मोजून त्यांनी काम सुरू केले. त्यानंतर मुख्यतः कोन मोजायचे. एक बाजू आणि तिच्यालगतचे दोन कोन कळले की त्रिकोण निश्चित होतो. शाळेतली ‘कोबाको’ कसोटी हेच सांगते. मग साइनच्या किमती वापरून इतर दोन बाजू काढायच्या, त्यातली एक पुढच्या त्रिकोणाचा पाया धरायची आणि असे डोंगर-दऱ्या, जंगले ओलांडत उत्तरेकडे सरकायचे. अधूनमधून एखादी पायारेषा पुन्हा मोजून हिशेब तपासला जाई. लॅम्टन नागपूरच्या वाटेवर असताना गेले आणि काम जॉर्ज एव्हरेस्ट यांच्याकडे आले.

याच सर्वेक्षणात राधानाथ सिकदार यांनी १८५२ च्या सुमारास दीडशे किलोमीटरहून अधिक अंतरावरून घेतलेल्या कोनांवरून ‘शिखर १५’ ची उंची काढली. ती २९,००२ फूट म्हणून १८५६ मध्ये जाहीर झाली. शिखरावर तेव्हा कोणी पाऊलही ठेवले नव्हते. २०२० मध्ये नेपाळ आणि चीनने जाहीर केलेली एव्हरेस्टची उंची ८,८४८.८६ मीटर, म्हणजे सुमारे २९,०३२ फूट. फरक तीस फुटांचा.