सुराछण आणि पाचवे शील

आषाढ पौर्णिमेस वर्षावासाला प्रारंभ होतो आणि त्यानंतर पंधरा दिवसांनी महाराष्ट्रात गटारी अमावास्या येते. पुढे महिनाभर श्रावणात मद्यमांस वर्ज्य, म्हणून आधीच पिऊन घ्यावयाचे, असा या दिवसाचा रूढ खुलासा आहे. ('गटारी' हा शब्द 'गताहार' या संस्कृत शब्दापासून आला असे काही जण सांगतात, ही व्युत्पत्ती मागाहून जुळविलेली असावी, असे आम्हांस वाटते.) १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे धम्मदीक्षा झाली, आणि आपल्या समाजाने श्रावणातले उपासतापास सोडले. गटारी मात्र पुष्कळ घरांत राहिली. ज्याला श्रावण पाळावयाचाच नाही, त्याला गटारीचे प्रयोजन काय? बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा निःसंदिग्ध शब्दांत आहे. पंचशील तर आपण प्रत्येक कार्यक्रमाच्या आरंभी ग्रहण करतो. तरीही गटारीला, ३१ डिसेंबरला, लग्नाच्या हळदीला आणि, सांगावयास संकोच वाटतो, पण जयंतीच्या मिरवणुकीनंतरही, एरवी वर्षभर न पिणारा माणूस पेला हाती घेतो.

व्यसनी मनुष्य का पितो, याचे उत्तर वैद्यकाकडे मागावे. केवळ सणालाच पिणारा का पितो, हा प्रश्न वेगळा आहे, आणि पालि वाङ्मयात त्याचा विचार झालेला आहे.

धम्मपदाच्या जरावग्गातील पहिल्या गाथेवरील अट्ठकथेत श्रावस्तीच्या एका उत्सवाची हकीकत येते. त्या उत्सवाचे नावच 'सुराछण'. 'छण' म्हणजे संस्कृत 'क्षण', आणि आपला मराठी 'सण' तोच. पाचशे कुलपुत्रांनी आपल्या स्त्रिया विशाखेच्या संगतीत राहाव्यात म्हणून तिच्याकडे सोपविल्या होत्या. उत्सव घोषित झाला. स्त्रियांनी पतींसाठी तीव्र सुरा सिद्ध केली. पुरुष सात दिवस प्याले. आठव्या दिवशी कामावर परतण्याची भेरी वाजली आणि ते मुकाट्याने आपापल्या उद्योगास लागले. मागे सुरा उरली होती. पतींसमोर आपल्याला पिता आले नाही, आता पिऊ या, असे स्त्रियांनी ठरविले. त्या प्याल्या, पतींच्या लक्षात आले आणि त्यांनी त्यांना मारझोड केली.

या कथेतील भेरी आम्हांस फार महत्त्वाची वाटते. एका भेरीने पिण्यास मोकळीक दिली, दुसरीने ती काढून घेतली. पहिल्या सात दिवसांत प्यालेल्या पुरुषांना कोणी बोल लावला नाही. आठव्या दिवशी प्यालेल्या स्त्रियांनी मार खाल्ला. सुरा तीच, भांडीही तीच. बदलला तो केवळ दिवस, आणि अर्थात पिणारा स्त्री की पुरुष हा भेद. तेव्हा सणाचे पहिले काम हे, की एरवी ज्याची लाज वाटते त्याला तो काही काळ निर्दोष ठरवितो. ३१ डिसेंबरच्या रात्री 'आज चालते' असे म्हणणारा मनुष्य अडीच हजार वर्षांपूर्वीच्या त्या पहिल्या भेरीचाच प्रतिध्वनी काढीत असतो.

दुसरे कारण कुंभजातकात सापडते. सुर नावाचा वनचर हिमालयात जातो. तेथे एका वृक्षाच्या बेचक्यातील खळग्यात पावसाचे पाणी साचलेले असते. त्यात हिरडे, आवळे पडतात, पोपटांच्या चोचीतले तांदूळ पडतात आणि उन्हाने ते पाणी आंबते. ते पिऊन पक्षी खाली कोसळतात, आणि थोड्या वेळाने किलबिलत उडून जातात. विष असते तर हे मेले असते, असा विचार करून सुर ते पितो. किण्वनाचे हे वर्णन कोणत्याही रसायनशास्त्रज्ञाला मान्य होण्याजोगे आहे. पण आम्हांस लक्षणीय वाटते ती पुढची गोष्ट. सुराला ते पेय आवडल्यावर तो एकटा पीत बसत नाही. जवळच वरुण नावाचा तापस राहत असतो. वेळूच्या नळीत पेय भरून आणि भाजलेले मांस घेऊन तो त्याच्याकडे जातो. जातक सांगते की, या दोघांच्या नावांवरून 'सुरा' आणि 'वारुणी' हे शब्द आले. म्हणजे मद्याच्या नावातच पहिल्या दिवसापासून एक सोबती आहे. सिगालोवाद सुत्तात भगवंतांनी 'पानसखा' या शब्दाने ज्या मित्राचा निर्देश केला, तो हाच.

परंतु या विषयावरील सर्वांत हृद्य प्रसंग विनयपिटकातील आहे. स्थविर सागत यांनी भद्दवतिकेजवळील अंबतित्थ येथे एका उग्र नागाला आपल्या तेजाने जिंकले होते. त्यांची कीर्ती कोसंबीपर्यंत पोहोचली. उपासकांना त्यांचा सत्कार करावयाचा होता. आर्यांना दुर्लभ आणि प्रिय असे काय आहे, असे त्यांनी विचारले असता छब्बग्गिय भिक्खूंनी 'कापोतिका' नावाच्या स्वच्छ मद्याचे नाव सांगितले. दुसऱ्या दिवशी सागत भिक्षेस निघाले, तेव्हा प्रत्येक घरी ते मद्य तयार होते. ते घरोघर प्याले आणि नगरातून बाहेर पडताना वेशीपाशीच कोसळले. भिक्खूंनी त्यांना उचलून विहारात आणले व भगवंतांकडे मस्तक करून निजविले. पण नशेत वळून त्यांनी भगवंतांकडे पाय केले. नागाशी झुंजणारा सागत आता पाणसापाशी तरी झुंजू शकेल काय, असे भगवंतांनी विचारले, आणि सुरापानासंबंधीचे पाचित्तिय घालून दिले.

येथे कोणी दुष्ट नाही, छब्बग्गियांचा खोडसाळपणा सोडला तर. सागत तृष्णेने प्याले असे विनय म्हणत नाही. घरोघर पुढे आलेला पेला कृतज्ञतेचा होता, आणि तो नाकारणे म्हणजे देणाऱ्याला नाकारणे, असे त्यांना वाटले असावे. आपल्या हळदीच्या मांडवात, 'माझ्या मुलाच्या लग्नाला नाही म्हणतोस?' असे म्हणणारा यजमान कोसंबीच्या त्या उपासकांहून वेगळा नाही. सणाची दारू बहुधा अशी प्रेमाच्या हातून येते. म्हणूनच तिला नकार देणे कठीण, आणि म्हणूनच व्यसनाच्या दुष्परिणामांवरील व्याख्यान तिच्यापुढे निष्प्रभ ठरते. ऐकणारा मनात म्हणतो, मी कोठे व्यसनी आहे?

पाचव्या शीलाचा शब्द याहून खोल जातो. 'सुरामेरयमज्जपमादट्ठान' या समासात सुरा, मेरय आणि मद्य ही द्रव्यांची नावे. 'पमादट्ठान' म्हणजे प्रमादाचे स्थान, निमित्त. खुद्दकपाठाच्या अट्ठकथेने याचा अर्थ ज्या चेतनेने मनुष्य पितो ती चेतना, असा केला आहे. म्हणजे 'का पितो?' हा प्रश्न शीलाच्या बाहेरचा नाही. शील त्या प्रश्नावरच उभे आहे. संकोच, भिडस्तपणा, एकटे पडण्याचे भय, एका रात्रीची मोकळीक, ही सगळी प्रमादाची स्थाने होत.

मग सणच नकोत काय? तसे आम्हांस वाटत नाही. सिगालोवाद सुत्तात 'समज्जा'मागे, म्हणजे तमाशे-जत्रांमागे लागणे हे संपत्तिनाशाचे द्वार म्हटले आहे खरे; पण सम्राट अशोकाने आपल्या पहिल्या शिलालेखात समाजांमध्ये, म्हणजे अशा उत्सवी मेळाव्यांमध्ये, पुष्कळ दोष पाहूनही काही समाज चांगले असतात अशी नोंद करून ठेवली. आमच्या माहितीच्या एका विहारात सणाच्या दिवशी सायंकाळी वंदना होते, दोन भाषणे होतात, आणि नऊ वाजता दाराला कुलूप लागते. तरुण मुले तेथून कोठे जातात, हे आम्हां सर्वांना ठाऊक असते. त्यांना सोबत हवी असते, जेवण हवे असते, उशिरापर्यंत जागावयाचे असते. यांपैकी एकही गोष्ट शीलविरुद्ध नाही, आणि यांपैकी एकही गोष्ट आम्ही त्या रात्री त्यांना देत नाही.

श्रावस्तीच्या त्या स्त्रियांची कथा मारझोडीवर संपत नाही. पुढच्या उत्सवात त्यांनी पुन्हा विशाखेला गाठले. मार खाऊनही त्या सुधारल्या नव्हत्या. उद्यानात नेण्यास तिने नकार दिला, पण भगवंतांच्या दर्शनास घेऊन जा, असे म्हणताच ती त्यांना घेऊन विहारात गेली. त्यांनी वस्त्रांखाली मद्य लपवून आणले होते. त्या तेथेच प्याल्या आणि धर्मसभेत टाळ्या पिटीत नाचू लागल्या. भगवंतांच्या भुवईतून निघालेल्या किरणांनी सर्वत्र काळोख पसरला, भयाने त्यांची नशा उतरली. त्यांना कोणी विहाराबाहेर घालविले नाही. भगवंतांनी त्यांना तेथेच बसवून ती गाथा सांगितली, आणि गाथेच्या अखेरीस त्या पाचशेही स्त्रिया स्रोतापन्न झाल्या, असे अट्ठकथाकार लिहितात.