मासा गळाला लागला, पुढे काय?



'मासा गळाला लागला' असे आपण म्हणतो तेव्हा काम फत्ते झाले असे समजतो. मोठ्या नदीतल्या मोठ्या माशाच्या बाबतीत मात्र खरे काम तेथूनच सुरू होते. नववीच्या वर्गात घर्षणाचा पाठ चालू असताना एका विद्यार्थ्याने विचारले, "टीव्हीवर दाखवतात तो सॅल्मन एवढ्याशा दोरीने बाहेर कसा येतो? दोरी तुटत का नाही?" प्रश्न चांगला होता. आमच्या वाचकांत शाकाहारी कुटुंबे बरीच आहेत हे आम्ही जाणतो, परंतु या प्रश्नात स्वयंपाकघरापेक्षा विज्ञानच अधिक आहे.

सॅल्मन आपल्याकडचा नव्हे. बाजारात रावसाला 'इंडियन सॅल्मन' म्हणतात, पण तो निराळ्या कुळातला समुद्री मासा आहे. ओढाताणीत सॅल्मनला तोडीस तोड असा आपला मासा म्हणजे महाशीर. पुण्याजवळच्या मुळा-मुठेतला महाशीर कर्नल साइक्स यांनी १८३९ साली नोंदवला आणि तेथल्या लोकांच्या बोलीतले नावच त्याला दिले. म्हणून तो आजही शास्त्रात 'टॉर खुद्री' आहे. चांदोदला ज्या नर्मदेत आपण स्नान करतो, त्या नर्मदेतला 'टॉर टॉर'. मध्य प्रदेशाने २०११ साली महाशीरला राज्याचा मासा म्हणून घोषित केले.

आता मूळ प्रश्न. बडोद्याच्या मुलांना उत्तर अर्धे ठाऊकच आहे, कारण उत्तरायणात प्रत्येकाने फिरकी धरलेली असते. पतंग जोरात ओढत असताना फिरकी घट्ट धरली तर मांजा तुटतो, आणि नको इतकी ढील दिली तर पतंग हातचा जातो. माशाचेही तसेच. दोरी फार ताणली तर तुटते, सैल पडली तर गळ तोंडातून निसटतो. मासा गमावण्याची बहुतेक कारणे या दोन वाक्यांत बसतात.

फिरकी हाताने आवरतात, तर मासेमारीच्या रिळाला ब्रेक असतो. त्याला ड्रॅग म्हणतात. मासा ठरावीक जोरापेक्षा जास्त ओढू लागला की ब्रेक घसरतो आणि दोरी सुटत जाते. हा जोर दोरीच्या ताकदीच्या पाव ते एकतृतीयांश ठेवायचा असतो. दोरी ८ किलोची असेल तर साधारण २ ते अडीच किलो. हे अंदाजाने न ठरवता प्रयोगशाळेतल्या ताणकाट्याला दोरी बांधून मोजता येते. बाकीची ताकद राखून का ठेवायची? कारण गाठीमुळे दोरी कमजोर होते, दगडावर घासून ती खरवडते, आणि मासा अचानक उसळला तर क्षणभराचा झटका कितीतरी मोठा असतो. गाठ आवळण्यापूर्वी ती ओली करतात, तेही याचसाठी. कोरडी गाठ आवळताना घर्षणाने तापते आणि नायलॉन तेथेच दुबळे होते.

अकरावीच्या मुलांसाठी एक गंमत. मासा दूर पळाला की रिळावरची दोरी कमी होते, म्हणजे वेटोळ्याची त्रिज्या कमी होते. ब्रेक तोच राहिला तरी आता तो सोडवायला जास्त ओढ लागते. शिवाय पाण्यात पसरलेल्या लांब दोरीला प्रवाहही ओढतो. म्हणजे मासा जितका दूर, तितका ताण आपोआप वाढलेला. अशा वेळी घाबरून ब्रेक आवळणे हा नवशिक्याचा स्वभाव. जाणता मनुष्य तो किंचित सैल करतो.

काठी वाकते ती उगीच नव्हे. वाकलेली काठी स्प्रिंगसारखा झटका पिऊन टाकते. म्हणून काठीचे टोक माशाच्या दिशेने सरळ धरून ओढू नये. काठी सावकाश उचलायची, मग खाली आणता आणता मोकळी झालेली दोरी गुंडाळायची, पुन्हा उचलायची. मासा खडकाकडे धावला तर काठी आडवी करून बाजूने ताण द्यावा, म्हणजे त्याचे डोके वळते. डोके वळले की मासा वळतो. मासा प्रवाहाबरोबर खाली गेला तर एका जागी उभे न राहता काठाकाठाने त्याच्या बरोबरीला यावे; नाहीतर मासा आणि प्रवाह दोघांशी एकदम लढावे लागते.

येथे दोन्ही माशांचा स्वभाव वेगळा. सॅल्मन पाण्याबाहेर उंच उडी मारतो. त्या क्षणी काठीचे टोक झुकवून दोरी थोडी सैल करतात, कारण हवेत त्याचे सगळे वजन दोरीवर येते. महाशीर सहसा उडी मारत नाही. तो पहिल्याच धडाक्यात तळाकडे, खडकांकडे धाव घेतो. त्याचे दात घशात असतात आणि जबडा असा की कमकुवत गळ चक्क चेपून टाकतो. म्हणून गळ जाड आणि टोकदार हवा. टोक नखावर टेकवून पाहावे. घसरले तर बोथट.

शेवटच्या दोन-तीन मीटरमध्ये पुष्कळ मासे जातात. दोरी आखूड झालेली असते, त्यामुळे ती ताणली जाऊन झटका सोसत नाही, आणि माणूस दिसताच मासा पुन्हा उसळतो. जाळी आधीच पाण्यात बुडवून ठेवावी आणि माशाला डोक्याकडून तिच्यावर आणावे. जाळी घेऊन त्याच्या मागे धावू नये.

मासा हाती आला, आता तो सोडायचा आहे. महाशीर सावकाश वाढतो, पावसाळ्यात अंडी घालायला नदीत वर चढतो, आणि धरणांनी त्याच्या वाटा अडवल्या आहेत. कावेरीतला मोठ्या पाठीचा महाशीर आज अतिसंकटग्रस्त गणला जातो. महाडजवळ वाळणकोंडीच्या डोहात गावकरी देवीचे मासे म्हणून महाशीर राखतात, आणि लोणावळ्याजवळ वळवणला टाटा पॉवरच्या केंद्रात त्यांची पिल्ले वाढवून तलावांत सोडतात. अशा माशाला बारीक दोरीवर तासभर झुलवणे हा पराक्रम नव्हे. फार दमलेला मासा सोडल्यावरही मरू शकतो. दोरी मजबूत घ्यावी, मासा लवकर आणावा, गळाचा उलटा दात आधीच दाबून टाकावा, हात ओले करावेत आणि मासा पाण्यातच ठेवून गळ काढावा. मग त्याला प्रवाहाकडे तोंड करून आधार द्यावा. तो स्वतः शेपटी मारून निघेपर्यंत हात काढू नये.

एक सूचना स्पष्ट देतो. विश्वामित्रीच्या काठी गळ घेऊन कोणीही जाऊ नये. तेथे मगरी आहेत, आणि २०२४ च्या पुरात त्या वस्तीत शिरल्या होत्या हे आपण पाहिले. प्रयोग शाळेच्या मैदानावर करता येईल. एकाने दोरीचे टोक कमरेला बांधून मासा व्हावे आणि दुसऱ्याने काठी व रीळ सांभाळावे. ताणकाटा प्रयोगशाळेतून सही करून न्यावा आणि त्याच दिवशी परत करावा.